फळावर टाचणीएवढं भोक, आत अळी नाही : रस शोषणाऱ्या पतंगाची ओळख आणि बंदोबस्त



पाऊस ओसरायला लागला, भात निसवला आणि ग्रुपवर पेरू-डाळिंबाचे फोटो यायला सुरुवात झाली. गावं वेगवेगळी, तक्रार एकच : "फळ वरून चांगलं दिसतं. दोन दिवसांनी एका ठिकाणी मऊ पडतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाडाखाली सडा. दोन फवारण्या झाल्या, फरक नाही."

आजचा संदेश नेहमीपेक्षा मोठा आहे. संध्याकाळी निवांत बसून वाचा आणि घरात जो बागेत जातो त्याला वाचून दाखवा. कारण हा किडा कुठे जन्मतो, काय खातो आणि किती वाजता येतो हे कळलं, तर पुढची फवारणी तुम्ही स्वतःच रद्द कराल.

*१) आधी खात्री करा : भोक कुणाचं?*

फळाला भोक पाडणारे आपल्याकडे तीन मुख्य आहेत. तिघांचा बंदोबस्त वेगळा आहे, म्हणून ओळख चुकली की पुढचं सगळं चुकतं.

🔸 फळमाशी : भोक अगदी बारीक. फळ कापलं की आत पांढऱ्या, पाय नसलेल्या बारीक अळ्या वळवळताना दिसतात.

🔸 डाळिंबावरची सुरसा अळी : भोक मोठं, गोल आणि भोकाच्या तोंडाशी अळीची ओलसर विष्ठा. वास घाण येतो.

🔸 रस शोषणारा पतंग : भोक टाचणीच्या डोक्याएवढं, गोल. भोवती मऊ, पाणचट, रंग बदललेली कडी. फळ हलकेच दाबलं की भोकातून रसाचा थेंब किंवा चिळकांडी बाहेर येते. कापलं तर आत अळी नाही, विष्ठाही नाही.

तुमच्या फळात तिसरी खूण असेल तर पुढे वाचा. फळ दाबून बघायला अर्धा मिनिट लागतो. औषधाच्या दुकानात जाण्याआधी तो अर्धा मिनिट द्या.

*२) हा पतंग दिसतो कसा?*

मोठा असतो. पंख पसरले की ८ ते १० सेंटिमीटर भरतात, म्हणजे जवळजवळ तळहाताच्या रुंदीएवढा. बसलेला असताना पुढचे पंख मिटून बसतो. ते पंख वाळक्या पानासारखे तपकिरी, काहींत हिरवट झाक. पाचोळ्यात बसला तर दोन हातांवरूनही दिसत नाही. उडाला किंवा पंख उघडले की मागचे पंख दिसतात, भडक नारिंगी आणि त्यावर काळी खूण. काळा गोल ठिपका असला तर एक जात, स्वल्पविरामासारखी वाकडी खूण असली तर दुसरी. शास्त्रीय नाव युडोसिमा. जुन्या पुस्तकांत ऑथ्रेस असं नाव सापडेल, किडा तोच.

भातवाल्यांसाठी एक खुलासा : भातात उडणारा लहान, पिवळट, पंखावर एक काळा ठिपका असलेला पतंग हा खोडकिडीचा आहे. तो वेगळा, त्याचा संदेश वेगळा येईल. आजचा हा मोठा पतंग भाताला काहीही करत नाही.

*३) जन्म रानात*

इथे खरी गोष्ट आहे. बहुतेक किडी ज्या झाडाचं नुकसान करतात त्याच झाडावर अंडी घालतात. हा पतंग तसं करत नाही. तुमच्या पेरूवर, डाळिंबावर याचं अंडं सापडणार नाही, अळी तर नाहीच. अळी वाढते रानातल्या वेलींवर, आणि त्या वेली आपल्या मुळशीत बांधाबांधावर आहेत :

🌿 गुळवेल : पान बदामाच्या आकाराचं, गुळगुळीत. खोडावर बारीक पुटकुळ्या, आणि वरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबत असतात. आंबा, कडुनिंब, कुंपणाच्या तारा, कशावरही चढते.

🌿 वासनवेल : पान मऊ, लवदार. पाला पाण्यात कुस्करून गाळून ठेवला की थोड्या वेळात पाणी हिरव्या जेलीसारखं घट्ट होतं. ही हमखास ओळख.

🌿 पहाडवेल : पान गोलसर, देठ पानाच्या कडेला न जुळता थोडा आत जुळलेला. बांधावर, दगडी गडग्यावर पसरते.

या तिन्ही वेली एकाच कुळातल्या. मादी रात्री या वेलींच्या पानांवर, बहुतेक खालच्या बाजूला, अंडी घालते. अंडी बारीक, गोल, फिकट हिरवट-पिवळी. एक मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते.

उबदार हवेत तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. अळी सुरुवातीला हिरवट आणि बारीक, पुढे मखमली तपकिरी किंवा काळी होते. पूर्ण वाढली की ५ ते ६ सेंटिमीटर. चालते उंटअळीसारखी, पाठ उचलून. अंगाच्या दोन्ही बाजूंना मोठे गोल डोळ्यांसारखे ठिपके असतात. ते खरे डोळे नव्हेत. काडीने डिवचलं की ती डोकं खाली दुमडते, मागचा भाग वर उचलते आणि हे ठिपके समोर येतात. पाखरू दचकतं. एकदा पाहिली की ही अळी विसरत नाही.

दोन-तीन आठवडे पाला खाल्ला की अळी रेशमाच्या धाग्याने दोन-तीन पानं एकत्र शिवते आणि आत कोष करते, कधी वेलीवरच, कधी खाली पाचोळ्यात. साधारण दोन आठवड्यांनी पतंग बाहेर पडतो. म्हणजे अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण पाच ते सहा आठवडे. थंडी पडली की हा काळ लांबतो.

आता हिशेब करा. जूनच्या पावसात वेलींना कोवळा पाला फुटतो. तिथून नवरात्रापर्यंत रानात दोन-तीन पिढ्या होतात. प्रत्येक पिढीत पतंग वाढत जातात. म्हणून ऑगस्टपासून यांचा त्रास सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो सर्वांत जास्त असतो. पुढे थंडी वाढते, गुळवेल पानं गाळते, अळीचं खाणं संपतं आणि पतंगही कमी होतात. आपलं फळ नेमकं गर्दीच्या महिन्यांत पिकायला आलं की मार बसतो.

मुळशीत याचा त्रास जास्त का, याचंही उत्तर यातच आहे. ताम्हिणीच्या बाजूला तर जंगलच आहे, पण पौड, कोळवण, रिहे खोऱ्यातही डोंगरउतार, देवराया आणि जुने बांध या वेलींनी भरलेले आहेत. मोकळ्या माळावरच्या बागेपेक्षा रानाला लागून असलेल्या बागेला हा पाहुणा आधी सापडतो.

*४) जेवण बागेत*

अळी पाला खाते, पतंगाला गोड रस लागतो. त्यासाठी तो पिकणाऱ्या फळाच्या वासावर येतो. मोसंबी, संत्री, डाळिंब, पेरू, पपई, अंजीर, द्राक्ष, पिकलेला टोमॅटो, काहीही चालतं. विदर्भातले संत्रा उत्पादक आणि जालना भागातले मोसंबीवाले आंबिया बहराची फळं तयार होताना दरवर्षी याच्याशी झुंजतात.

साधा पतंग किंवा फुलपाखरू फुलातला मध चोखतं, त्याची सोंड नाजूक असते. या पतंगाची सोंड सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, कडक आणि टोकाला करवतीसारखे दाते असलेली असते. ती तो फळात हलवत-हलवत घुसवतो. जाड सालीच्या मोसंबीलाही भोक पडतं, पेरूचं काय! नर आणि मादी दोघंही रस पितात. एक पतंग एका रात्रीत एकापेक्षा जास्त फळं टोचतो.

रस किती जातो? फार नाही. खरं नुकसान भोकामुळे होतं. त्या भोकातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात, फळ आतून कुजतं आणि गळतं. वास सुटला की चिलटं येतात, आणि ज्यांची सोंड एवढी कडक नाही असे दुसरे पतंगही आयत्या भोकात तोंड घालतात. एरंडावरच्या उंटअळीचा पतंगही रस प्यायला येतो, त्यामुळे बागेच्या कडेला एरंड असेल तर तिकडेही लक्ष ठेवा.

वेळ लक्षात ठेवा. अंधार पडला की हे येतात. रात्रीच्या पहिल्या काही तासांत वर्दळ जास्त. पहाटेपर्यंत रानात परत. दिवसभर पाचोळ्यात, दाट पानांत निपचित पडून.

*५) म्हणून फवारणी वाया जाते*

वरचं सगळं एकत्र ठेवून बघा.

▪️ तुम्ही सकाळी फवारता तेव्हा पतंग बागेत नसतो.

▪️ अळी बागेत कधीच नसते, त्यामुळे अळीनाशकाचा प्रश्नच येत नाही.

▪️ पतंग साल कुरतडून खात नाही, थेट आत सोंड घालतो. सालीवरचं औषध त्याच्या पोटात जातच नाही म्हटलं तरी चालेल.

▪️ आज एक मारला तरी उद्या रानातून दुसरा येतो. हे ताकदीने लांब उडणारे पतंग आहेत.

आणि हे सगळं चाललंय कधी? फळ काढणीला आलेलं असताना. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे ते लिहिलेलं असतं. पिकलेल्या पेरूवर आज औषध मारून परवा तोडला, तर ते औषध पुण्यातल्या गिऱ्हाईकाच्या आणि आपल्या घरातल्या पोरांच्या पोटात जातं. पतंग मात्र तसाच राहतो. एका लॉटमध्ये अंश सापडला तर अडचण एका शेतकऱ्याची राहत नाही, कंपनीच्या सगळ्या सभासदांच्या मालावर बोट ठेवलं जातं. म्हणून विनंती आहे : या पतंगासाठी फळावर फवारणी करू नका.

*६) मग करायचं काय?*

एका उपायाने हा थांबत नाही. चार-पाच गोष्टी एकत्र केल्या तर नुकसान नक्की कमी होतं. आपल्या बागा लहान आहेत, दहा-वीस झाडांच्या, काही परसातल्या. त्यामुळे आपल्याला हे जमण्यासारखं आहे.

✅ गळलेली फळं रोज उचला. वासाचं आमंत्रण तिथून जातं. दोन फूट खड्ड्यात पुरा आणि वर माती दाबा, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवा. बांधापलीकडे फेकणं म्हणजे जेवणाचं ताट उंबऱ्याबाहेर मांडणं. याने फळमाशीही कमी होते.

✅ फळाला पिशवी घाला. फळ पिकायच्या आधी घाला. पेरूला नुसती फोमची जाळी लावून थांबू नका, तिच्या फटीतून सोंड सहज जाते. वरून पिशवी हवीच. पिशवी फळाला चिकटलेली नको, थोडी सैल असू द्या, आणि खाली पाणी निथळायला छिद्र ठेवा. चिकटलेल्या पातळ पिशवीतूनही पतंग टोचतो.

✅ बागेतल्या आणि कुंपणावरच्या वेली काढा. पावसाळ्याच्या सुरुवातीला काढल्या तर उत्तम, आता काढल्या तरी पुढच्या पिढीला आळा बसतो. काढताना पानं उलटून बघा, अळ्या दिसल्या तर साबणाच्या पाण्यात टाका. फक्त आपल्या हद्दीतल्या वेली काढायच्या. डोंगरावरच्या, देवराईतल्या वेलींना हात लावायचा नाही आणि अभयारण्याच्या हद्दीत तोडणं कायद्यानेही चालत नाही. गुळवेल औषधी आहे, कुणी ती विकतंही. घराजवळ ठेवायची असेल तर बागेपासून लांब ठेवा आणि दर आठवड्याला तिची पानं तपासा.

✅ संध्याकाळी धूर करा. दिवेलागणीपासून दोन-तीन तास, वाऱ्याच्या बाजूला, ओलसर पाला, गोवऱ्या, कडुनिंबाचा पाला. जाळ नको, धूर हवा. ऑक्टोबरनंतर डोंगरावरचं गवत वाळतं. धुराजवळ माणूस आणि पाण्याची बादली असल्याशिवाय पेटवू नका. एका ठिणगीने वणवा लागतो.

✅ पिवळा दिवा लावा. जपानमधल्या फळबागायतदारांनी हा उपाय बरीच वर्षं वापरला आहे. पतंगाचा डोळा अंधारात रात्रीसाठी तयार होतो. बागेत सगळीकडे पिवळा उजेड असला की त्या डोळ्याला दिवस वाटतो, आणि दिवसा हा पतंग गप्प बसतो. म्हणून दिवा झाडांवर उजेड पडेल असा लावा, अंधारा कोपरा राहिला तर पतंग तिथे टोचतो. शेजारी भात अजून निसवायचा असेल तर उजेड त्यावर पडू देऊ नका, रात्रीच्या उजेडाने काही वाणांचं निसवणं लांबतं. नेहमीच्या प्रकाश सापळ्यावर मात्र विसंबू नका, हा पतंग त्यात फारसा येत नाही.

✅ टॉर्च घेऊन हाताने पकडा. लहान बागेत हा सर्वांत स्वस्त उपाय. दोघं जा. फळाफळावर टॉर्च फिरवा. अंधारात पतंगाचे डोळे निखाऱ्यासारखे लाल-केशरी चमकतात, त्यावरून सापडतो. रस पिताना तो मग्न असतो, जाळीने किंवा हातानेही धरता येतो. पायात बूट घाला, या दिवसांत बांधावर सापविंचू असतात.

✅ आमिष हा शेवटचा उपाय. २ लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ, गळलेल्या फळांचा अर्धा लिटर रस आणि २० मिलि मॅलॅथिऑन ५० टक्के, हे मिश्रण रुंद तोंडाच्या बाटल्यांत ओतून २५ ते ३० झाडांमागे दोन बाटल्या टांगतात. पिकलेलं फळ शेजारी असताना पतंग आमिषाकडे वळेलच असं नाही, म्हणून गळ उचलल्याशिवाय याचा उपयोग नाही. हे विष आहे. पोरं, जनावरं, कोंबड्या पोचणार नाहीत अशा उंचीवर टांगा, बाटलीवर "विष" लिहा, हातमोजे घाला. सकाळी मधमाश्या येण्याआधी बाटल्या झाका किंवा उतरवा.

✅ फळ तयार झालं की झाडावर ठेवू नका. "अजून दोन दिवस राहू दे, गोडी वाढेल" असं म्हणत ठेवलेलं फळ पतंगासाठी ठेवलेलं असतं.

*७) कुंपणावर फवारू नका*

कुणी म्हणेल, अळी वेलीवर आहे ना, मग वेलींवरच मारू औषध. तेही नको. वेलीवरच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या निसर्गात आहेत, ट्रायकोग्रामा हे त्यातलं तुमच्या ओळखीचं नाव. डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण पतंगाची किती तरी अंडी त्याच संपवतात. कुंपण फवारलं तर आधी त्या मरतात. पतंग रानातून पुन्हा येतो, त्या इतक्या लवकर येत नाहीत. वेल काढायची असेल तर विळ्याने काढा.

एक गंमत सांगतो. हाच पतंग ऑस्ट्रेलियात आणि पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरही आहे. त्या बेटांवर त्याची अळी पांगाऱ्याच्या झाडांवरही वाढते. म्हणजे अळीचं झाड बदलतं, पण पद्धत तीच : जन्म रानात, जेवण बागेत. त्यामुळे तिथेही शेतकरी जाळी, पिशवी आणि रात्रीची राखण यावरच येऊन थांबले आहेत.

*८) संकलन केंद्रावर माल आणताना*

टोचलेलं फळ पहिल्या दिवशी चांगलं दिसतं. ते क्रेटमध्ये गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतः कुजतं आणि शेजारच्या चारांना घेऊन जातं. क्रेट परत येतं, भाडं आपल्या अंगावर. म्हणून तोडणीच्या वेळीच प्रत्येक फळ फिरवून बघा. शंका आली तर हलकेच दाबा. रस आला की ते फळ वेगळ्या टोपलीत. ताजं टोचलेलं, न सडलेलं फळ तो भाग कापून त्याच दिवशी घरी खायला हरकत नाही, फक्त त्यावर औषध मारलेलं नसावं. मऊ पडलेलं, वास आलेलं फळ जनावरांना घालू नका, पुरून टाका.

*९) या आठवड्याचा गृहपाठ*

आजपासून सात रात्री, साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान, बागेतल्या तीन ठरावीक झाडांवर टॉर्च फिरवा. एक झाड रानाच्या बाजूचं, एक मधलं, एक घराजवळचं. किती पतंग दिसले ते लिहा. सकाळी त्याच तीन झाडांखालची गळ मोजा. सात दिवसांचे आकडे ग्रुपवर टाका : गाव, पीक, पतंग, गळ. फोटो टाकायचा तर मागचा पंख दिसेल असा टाका, म्हणजे जात सांगता येईल.

रानाच्या बाजूच्या झाडावर पतंग जास्त निघाले तर पिशव्या, दिवा आणि धूर आधी तिकडे लावायचे. म्हणजे पूर्ण बागेचा खर्च वाचतो. पाच-सहा गावांचे आकडे आले की आपल्या खोऱ्यात पतंग कधी वाढतो आणि कधी उतरतो हे आपल्यालाच कळेल. पुढच्या वर्षी पिशव्यांची ऑर्डर त्या आधी देता येईल. एकत्र मागवल्या तर दरही बरा मिळतो.

हा संदेश ज्यांच्या बागेत गळ चालू आहे त्यांना आज संध्याकाळच्या आत पुढे पाठवा. पंप बाहेर काढण्याआधी एकदा टॉर्च बाहेर काढा.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, मुळशी